घाट आणि बारी : जुन्नर-आंबेगावातील खुली प्रेक्षास्थाने

नदीकाठच्या पडीक वा प्रदूषित जागा स्वच्छ करून तेथे उद्याने उभारण्याचे प्रयत्न अलीकडे अनेक शहरांत चालू आहेत. अहमदाबादेस साबरमतीच्या दोन्ही तीरांवर असे काम झाले असून पुणे महानगरपालिकेनेही मुळा, मुठा आणि मुळा-मुठा ह्या नद्यांच्या ४४ किलोमीटर लांबीच्या काठांचा आराखडा हाती घेतला आहे. अशा उद्यानांत पायऱ्यांच्या बैठकीचे खुले नाट्यगृह असावे, ही कल्पना आता रूढ झाली आहे. परंतु चढत्या पायऱ्या बांधल्याने नाट्यगृह सिद्ध होते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत बांधीव खुल्या नाट्यगृहांची परंपरा नाही. मात्र उघड्या आकाशाखाली सहस्रावधी लोकांनी एकत्र बसून काही पाहावे, ही रीत तेथे दृढमूल आहे. तिच्या परीक्षणाने ह्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

प्रथम रचनेचा विचार करू. खुल्या प्रेक्षास्थानास दोन गोष्टी साधाव्या लागतात : मागच्या रांगेतील मनुष्यास पुढच्याच्या डोक्यावरून दिसले पाहिजे, आणि नटाचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. ग्रीकांनी ह्यासाठी टेकडीच्या उताराचा आश्रय घेतला. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील एपिडॉरस येथील नाट्यगृह हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. भरताच्या नाट्यशास्त्रातील दुसऱ्या अध्यायात वेगळा मार्ग दिसतो. तेथे मर्त्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद, म्हणजे सुमारे ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद, असा मंडप सांगितला असून त्याहून मोठा मंडप करू नये, कारण त्यात नाट्य अस्पष्ट होते, असे कारण दिले आहे. त्याच अध्यायात प्रेक्षकांसाठी विटांची व लाकडाची, सोपानासारखी चढत जाणारी आसने विहित आहेत. तात्पर्य, चढती बैठक ही कल्पना भारतीय परंपरेस परकी नाही. कृष्णेच्या खोऱ्यात नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकूंच्या काळातील, चारी बाजूंनी पायऱ्या असलेले आयताकृती प्रेक्षागार उत्खननात मिळाले, हा तिचा वास्तुरूप पुरावाच होय.

जुन्नर-आंबेगावचा प्रदेश सह्याद्रीच्या पूर्व उताराचा आहे. कुकडी, मीना व घोड ह्या नद्या पश्चिमेकडील डोंगरांतून निघून पूर्वेकडे वाहतात. अशा भूमीत उतार बांधावा लागत नाही. तो निसर्गतःच उपलब्ध असतो. 'घाट' ह्या शब्दाचा तेथील व्यवहार ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. नाणेघाट म्हणताना डोंगर उतरून कोकणात जाणारी वाट अभिप्रेत असते; नदीचा घाट म्हणजे पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या; आणि गावाच्या यात्रेत 'घाट' म्हटले की बैलगाड्यांच्या शर्यतीची चढणीची धाव डोळ्यांसमोर येते. तिन्ही अर्थांत उतार ही एकच गोष्ट समान आहे.

शर्यतीचा हा घाट वस्तुतः एक प्रेक्षास्थानच होय. धावपट्टी पायथ्यापासून माथ्याकडे चढत जाते आणि लोक तिच्या कडेने व माथ्यावर दाटीने उभे राहतात. धाव चढणीची असल्यामुळे खालून सुटलेली गाडी माथ्यावरून प्रारंभापासून दिसते. ह्या भागात गाड्या एकमेकींच्या जोडीने न पळता एकेक पळतात आणि प्रत्येकीची वेळ सेकंदांत मोजली जाते. ह्या एकेका धावेस 'बारी' म्हणतात. हाच शब्द तमाशातही आढळतो. संगीतबारी हा तमाशाचा एक प्रकारच होय, आणि फडाने आपल्या पाळीस खेळ करणे ह्यासही बारी असेच म्हटले जाते. बारी म्हणजे पाळी. ज्याची पाळी असेल त्याच्याकडे सर्वांनी पाहावयाचे आणि ती सरली की दुसऱ्याकडे वळावयाचे, हा संकेत प्रेक्षकसमूहास शिस्त लावतो. उतारामुळे दृष्टीची सोय होते. अवधानाची सोय बारीमुळे होते.

तमाशाचे उदाहरण ह्याहून स्पष्ट आहे. मीनेच्या काठचे नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर ह्यांचा फड आणि भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५–२००२) ह्यांच्यामुळे ह्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले; तमाशा क्षेत्रातील शासनाचा जीवनगौरव पुरस्कार विठाबाईंच्याच नावाने दिला जातो. चैत्र-वैशाखातील गावोगावच्या यात्रांसाठी पाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, तारीख व बिदागी ठरवतात आणि सुपारी देऊन जातात. येथे प्रत्यक्ष खेळ होत नसून खेळांचे वेळापत्रक ठरते. पुढे कोणत्या रात्री कोणत्या गावचे मोकळे मैदान नाट्यगृह होणार, ह्याचा निर्णय ह्या राहुट्यांत होतो.

यात्रेचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. पालखी व देवाचे विधी झाल्यावर रात्री तमाशा उभा राहतो. गण, गौळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने तो पूर्वी पहाटेपर्यंत रंगे. दुसऱ्या दिवशी फडाची 'हजेरी' होते आणि पुढे कुस्त्यांचा आखाडा भरतो. मांडवी नदीच्या काठी ओतूर येथे कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेतही आखाडा असतो. विधी, नाट्य, शर्यत व मल्लविद्या ह्या सर्वांना गावाची मोकळी जागा आळीपाळीने सामावून घेते. त्या जागेवर वर्षातील बहुतेक दिवस प्रेक्षास्थान म्हणून ओळखू येईल असे काहीही नसते. यात्रेची तिथी हीच तिची वास्तू होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या विधानाची कसोटी गेल्या काही दशकांतील कायद्याच्या इतिहासाने घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलगाडा शर्यती थांबल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींस अनुमती दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. प्राण्यांच्या यातनांचा प्रश्न खरा आहे व तो येथे गौण मानलेला नाही. प्रस्तुत विषयापुरते एवढेच पाहावयाचे की, बंदीच्या त्या वर्षांत घाटांचा उतार होता तसाच होता, परंतु बारी थांबताच त्यांचे प्रेक्षास्थानत्व संपले. बारी परतताच ते परत आले.

ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांचा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळात ध्वनिवर्धकास मनाई आहे; बंदिस्त सभागृहांस अपवाद आहे; आणि सण-उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यास आहे. झोपेचा व आरोग्याचा विचार करता नियमाचे प्रयोजन निर्विवाद आहे. तथापि त्याचा सर्व भार खुल्या जागेवरच पडतो, हेही तितकेच खरे. पहाटेपर्यंत चालणारा वग ह्या मर्यादेत आखडला. मुंबईतील धोबीतलाव येथील रंगभवन हे बांधीव खुले नाट्यगृहही शांतता क्षेत्राच्या निर्बंधांमुळे मूक झाले. बांधकाम उत्तम असूनही वेळ नाकारली गेली की नाट्यगृह उरत नाही, हेच दोहोंवरून सिद्ध होते.

स्थलांतराचे उदाहरण अखेरीस विचारात घेणे इष्ट ठरेल. नागार्जुनसागर धरणाच्या जलाशयात नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडाले, तेव्हा तेथील प्रेक्षागार अनुपू येथे पुन्हा उभारण्यात आले. आकार वाचला, मात्र ज्या नगरीचा समाज तेथे जमत असे ती नगरी कधीच लोपली होती. घोड नदीवरील डिंभे धरणात ज्या आंबेगावाचे नाव तालुक्यास मिळाले ते गावच बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. गाव उठले की घरांबरोबर यात्रेची जागाही जाते. तिची गणना नुकसानभरपाईच्या हिशेबात करणे कठीण, कारण मोजणीत ती केवळ मोकळी जमीन असते.

ह्यावरून नदीकाठच्या उद्यानांविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, नदीचा काठ हा पुराच्या पाण्याचाही मार्ग आहे. यात्रेसाठी उभी राहणारी राहुटी, कनात वा मंच पावसाळ्यापूर्वी निघून जातो. दगडी वा सिमेंटच्या पायऱ्या मात्र पात्राची जागा कायमची अडवू शकतात. दुसरा असा की, पायऱ्यांची संख्या ठरविण्यापूर्वी तेथे वर्षातून कोण, कोणत्या तिथीस, किती वेळ जमणार, हे ठरविणे अगत्याचे आहे. सवलतीचे १५ दिवस कोणत्या समाजाच्या वाट्यास येतात, हा प्रश्नही मग स्थापत्याच्या कक्षेत येतो. तिसरा निष्कर्ष संशोधकांसाठी आहे. खुल्या प्रेक्षास्थानांची नोंद करताना केवळ अवशेषांचे नकाशे पुरेसे नाहीत. गावोगावच्या यात्रांच्या तिथी, कार्यक्रमपत्रिका, सुपाऱ्यांचे व्यवहार व बाऱ्यांचे क्रम ह्यांची पद्धतशीर नोंद झाली पाहिजे. हे साहित्य कागदाच्या एका पानाचे, एका वर्षाच्या आयुष्याचे असते. ते आज गोळा केले नाही, तर उद्याच्या अभ्यासकास जुन्नर-आंबेगावच्या उतारांवर केवळ उतारच दिसतील.