गाडीतला रेडिओ आणि खिशातला वाटाड्या



कांद्याची पट्टी हातात पडली, सोसायटीचे देणे फिटले, की घरात थोरल्या मुलाची मागणी येते, "अण्णा, पिकअपला टेप बसवू या." टेप कधीचा गेला, शब्द तेवढा तोंडात राहिला. आता त्याच चौकटीत ब्लूटूथचा डेक येतो, नाहीतर टीव्हीसारखा पडदा येतो आणि दुकानदार सांगतो की याच्यात नकाशाही दिसेल.

मागणी वावगी नाही. रात्री अकराला भाजी भरून निघायचे, पहाटे मार्केटचे फाटक गाठायचे, शेजारी बोलायला कोणी नाही. रेडिओची सोबत होते. (डोळ्यावर आलेली झोप मात्र रेडिओने जात नाही. त्या वेळी गाडी धाब्यावर उभी करून अर्धा तास पाठ टेकावी.) पण या वस्तूत पैसा फुकट घालवायच्या वाटा फार आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो. कृषी खात्यातल्या माणसाने डेकवर का बोलावे, असे कोणी विचारील. पंपाची मोटार पारखताना जी रीत वापरतो तीच इथे चालते, एवढेच कारण.

खोक्यावरचे वॅट

खोक्यावर मोठ्या अक्षरात '4 × 50 वॅट' छापलेले असते. काही स्वस्त मालावर तर हजारांत आकडा असतो आणि पुढे पी.एम.पी.ओ. अशी अक्षरे असतात. त्या अक्षरांना काही अर्थ नाही, तो आकडा वाचूही नका. डेक उलटा करून मागचा फ्यूज पाहा. त्यावर 10 अँपियर लिहिले आहे, असे समजू. इंजिन चालू असताना गाडीची वीज साधारण 14 व्होल्ट असते. दहा गुणिले चौदा, झाले 140 वॅट. त्यातलाही बराच भाग डेक गरम होण्यात जातो. मग चार स्पीकरला पन्नास-पन्नास, म्हणजे दोनशे वॅट येणार कुठून? जेवढे पाणी विहिरीत तेवढेच पोहऱ्यात.

खरा आकडा आर.एम.एस. या अक्षरांपुढे असतो. चांगल्या डेकचा तो दर स्पीकरला पंधरा-वीस वॅटच्या आसपास निघतो. पिकअपच्या केबिनला, बोलेरोला, जुन्या जीपला तेवढा पुष्कळ झाला. जो दुकानदार आर.एम.एस. विचारल्यावर विषय बदलतो, त्याच्याकडून डेक घेऊ नये.

स्पीकर घेतानाही असेच. चार ओमचा स्पीकर घ्या आणि त्याच्या कागदावर डेसिबलचा आकडा पाहा. 92 डेसिबलचा स्पीकर 89 वाल्याच्या मानाने निम्म्या विजेत तेवढाच आवाज देतो. म्हणजे डेकवर दोन हजार जादा घालण्यापेक्षा स्पीकरवर पाचशे जादा घातलेले बरे. कोकणात, किंवा जिथे गाडीत मासळी, दूध, ओला भाजीपाला सतत असतो तिथे कागदी पडद्याचा स्पीकर नको. त्याला बुरशी धरते, तो फुगतो आणि फाटतो. प्लॅस्टिकच्या पडद्याचा टिकतो.

साधा डेक की पडदा?

मी साधा डेक सांगेन. ब्लूटूथ, यू.एस.बी. आणि रेडिओ एवढे असले की झाले. नावाजलेल्या कंपनीचा असा डेक तीन-चार हजारांपासून पुढे मिळतो. त्यात सीडीची खाच नसावी. आपल्या रस्त्यांची धूळ आतल्या भिंगावर बसते आणि खड्ड्यांनी सीडी उडते. यू.एस.बी.च्या तोंडाला झाकण असेल तर उत्तम.

स्वस्त पडद्याचा मोह बहुतेकांना होतो. नऊ इंची पडदा, चित्रे झकास. पण हा पडदा म्हणजे एक कमी दर्जाचा मोबाईलच असतो. त्यात रॅम एक-दोन जीबी असली की दुसऱ्या वर्षी तो रेंगाळू लागतो. दुकानात झटपट चालणारा पडदा पुढे गाव जवळ आले तरी नकाशा उघडत नाही. शिवाय आपल्याकडचा एप्रिल-मे! काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून पाहा. तिथे हलका पडदा उन्हाळेच्या उन्हाळे काढील, ही अपेक्षा धरू नये. पडदाच हवा असेल तर फोनचा नकाशा मोठा करून दाखवणारा, अँड्रॉइड ऑटो असलेला, ओळखीच्या कंपनीचा घ्यावा. तो महाग पडतो. शेतमालाच्या गाडीला तेवढा खर्च मला पटत नाही, घरच्या मोटारीला करायचा तर करा.

रेडिओविषयी एक बारीक गोष्ट. आकाशवाणी ऐकणाऱ्यांनी डेकमध्ये एफ.एम.बरोबर ए.एम. आहे का, हे विचारून घ्यावे. पुष्कळ नव्या डेकमध्ये ए.एम. वगळलेले असते. जुन्या बाजारात कधी कधी जपानमधून काढून आणलेले सुंदर सेट मिळतात. दिसायला मजबूत आणि किमतीला कमी. पण जपानचा एफ.एम.चा पट्टा खालचा, 76 पासून सुरू होणारा आहे आणि आपला 108 पर्यंत जातो. वरच्या टोकाची आपली केंद्रे अशा सेटवर लागतच नाहीत.

तारा जोडणाऱ्याच्या हाताकडे पाहा

डेक चांगला असूनही गाडी सकाळी सुरू होत नाही, ही तक्रार फार ऐकतो. दोष बहुधा जोडणीत असतो. डेकच्या मागे एक पिवळी, एक लाल आणि एक काळी तार असते. काळी गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थिंगला जाते. पिवळी थेट बॅटरीकडून येते आणि डेकची आठवण जागी ठेवण्यापुरती घोटभर वीज पिते. लाल तार किल्लीवर हवी. किल्ली फिरवली की चालू, काढली की बंद. घाईतला मिस्त्री पिवळी आणि लाल एकत्र पिळून बॅटरीवर देतो, कारण किल्लीची तार शोधायचे त्याचे कष्ट वाचतात. मग डेक रात्रभर अर्धा जागा राहतो.

हिशोब करून पाहा. असा पडदा झोपेत अर्धा अँपियर ओढत असेल तर चोवीस तासांत बारा अँपियर-तास गेले. पावसाने गाडी तीन दिवस जागेवर राहिली की छत्तीस. साठ अँपियर-तासांची बॅटरी, तीही दोन वर्षे जुनी, त्यानंतर स्टार्टर काय फिरवणार? म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी किल्ली काढून मीटरवर ओढ मोजायला सांगा. ती पन्नास मिलीअँपियरच्या आत हवी. दोन मिनिटांचे काम आहे. जो करत नाही त्याच्याकडे मीटर नसतो असे नाही, त्याला कंटाळा असतो.

कंपनीने दिलेल्या तारा कापू देऊ नका. त्या गाडीसाठी तयार कपलर मिळतो, तो लावला की तार न कापता डेक बसतो आणि हमीवरून वाद होत नाही. बॅटरीवरून वेगळी तार आणायची असेल तर फ्यूज बॅटरीजवळ, वीतभर अंतरात हवा. डेकपाशी लावलेला फ्यूज डेक वाचवतो, पण मधली तार घासून पत्र्याला लागली तर आग विझवत नाही. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी कडी घालून घ्या. आणि गाडी खळ्याजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असेल तर तारांवर जाड नळी चढवा. उंदीर डेकची किंमत विचारत नाही.

मोठा ट्रक असेल तर तिथे बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट होतात. त्यावर बारा व्होल्टचा डेक सरळ लावला की जळतो. दोनपैकी एकाच बॅटरीवरून वीज घेण्याची पळवाटही वाईट, त्याने एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी अजीर्णाने मरते. चोवीसचे बारा करणारे यंत्र मधे हवेच. डेक आणि स्पीकरची पक्की पावती घ्या आणि विम्याचे नूतनीकरण करताना त्यांची नोंद करायला सांगा. मागाहून बसवलेली विजेची वस्तू, थोडा जादा हप्ता भरून लिहवून घेतल्याशिवाय, भरपाईत धरत नाहीत.

उसाच्या ट्रॅक्टरविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. मागे दोन ट्रॉल्या, वर टिपरीएवढे स्पीकर, आणि आवाज असा की मागची एस.टी. कितीही हॉर्न वाजवो, चालकाच्या कानी पडत नाही. मागच्याला कडेने काढता येत नाही, तो वैतागून समोरच्या वाहनावर जातो. ट्रॅक्टरवर स्पीकर लावायचाच तर पाठीमागचा हॉर्न ऐकू येईल एवढाच. त्या पैशांत आधी ट्रॉलीला लाल परावर्तक पट्ट्या लावा.

वाटाड्या

आता नकाशाकडे. 'जीपीएस बसवून देतो' असे कोणी म्हणाले तर आधी विचारा, कोणते? एक यंत्र गाडी कुठे आहे हे मालकाला घरी दाखवते. त्यात सिमकार्ड असते, दरवर्षी पैसे भरावे लागतात, चोरी झाली किंवा ड्रायव्हरवर लक्ष ठेवायचे तर ते उपयोगी. ते वाट दाखवत नाही. वाट दाखवणारा वाटाड्या वेगळा, आणि तो तुमच्या खिशात आहेच. ई-पीक पाहणीचा फोटो काढताना फोन तुमचे शेत ज्या शक्तीने ओळखतो, तीच ही शक्ती.

जमिनीपासून वीस हजार किलोमीटर वर फिरणारे अमेरिकेचे उपग्रह वेळेचे संकेत पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोन आपली जागा काढतो. मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि शंभर मीटरची चूक काही मीटरवर आली. आपल्या देशानेही 2013 पासून 'नाविक'चे उपग्रह सोडले आणि बऱ्याच नव्या फोनमध्ये त्याचे संकेत घेण्याची सोय आहे. (तरी काही मीटरची चूक राहतेच. फोन धरून बांध मोजू नका. भावकीत त्यावरून काठ्या निघतात. मोजणी भूमी अभिलेखवाल्यांचीच.)

यात लोकांची एक समजूत चुकीची आहे. मोबाईलची रेंज नसली तर जीपीएस चालत नाही, असे मानतात. जागा ओळखायला रेंज लागत नाही, नकाशाचे चित्र उतरवायला लागते. म्हणून घाटात जाण्यापूर्वी, घरी असतानाच, त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशाची सोय फुकट आहे. उतरवलेला नकाशा काही काळाने शिळा होतो, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा उतरवा.

गावांच्या नावांत फसगत फार. आपल्या राज्यात पिंपळगाव किती आणि वडगाव किती, मोजायला बसू नये. टोमॅटो घेऊन पिंपळगाव बसवंतला निघालेल्याने नुसते 'पिंपळगाव' बोलून चालायचे नाही. मुंबईचे भाजी मार्केट आपण वाशी मार्केट म्हणतो. ते आहे नवी मुंबईत तुर्भ्याला, आणि धाराशिव जिल्ह्यात वाशी नावाचा अख्खा तालुका आहे. मार्केटचे पूर्ण नाव निवडा आणि निघण्यापूर्वी एकूण किलोमीटर डोळ्यांखालून घाला. शे-दोनशेचा फरक लगेच कळतो.

मग वाहनाचा प्रकार पाहा. मुलाने मोटारसायकलचे चिन्ह दाबून ठेवलेले असेल तर नकाशा भरलेली पिकअप बोळात आणि पाणंदीत घालील. 'टोल टाळा' चालू असेल तर शंभर रुपये वाचवून फुटक्या रस्त्याने नेईल, आणि टोमॅटोचे क्रेट तिथेच रस गाळू लागतील. नकाशाला तुमच्या गाडीचे वजन ठाऊक नसते, क्रेटच्या थप्पीची उंचीही ठाऊक नसते. रेल्वेखालच्या बुटक्या पुलाशी ती उंची तुम्हीच मोजायची.

नकाशाला पाणीही दिसत नाही. जानेवारी 2021 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात हेच घडले. कळसूबाईकडे निघालेल्या मंडळींची मोटार रात्री नकाशाच्या सांगण्याने एका पुलावर गेली. तो पूल वर्षातले काही महिने धरणाच्या पाण्याखाली असतो, हे आसपासच्या प्रत्येकाला माहीत होते. मोटार बुडाली, चालक गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट तुटलेल्या पुलावरून मोटार नदीत पडून तिघे गेले. 2023 च्या पुरात त्या पुलाचा भाग वाहून गेला होता, नकाशावर मात्र रस्ता सरळ दिसत होता. रात्रीच्या वेळी अनोळखी रस्त्यावर समोर वर्दळ नाही, दिवे नाहीत, डांबर संपले, असे झाले की थांबा. मागच्या फाट्यावर टपरी असेल, तिथे माणसाला विचारा. पावसाळ्यात वरंध घाटासारखे रस्ते बऱ्याचदा बंद ठेवतात, तिकडे जाण्यापूर्वी ओळखीच्या गाडीवाल्याला एक फोन करा.

फोन हातात धरून गाडी चालवणे हा 2019 च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा ठरतो. पहिल्या वेळेस एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. ऑक्टोबर 2020 पासून नियमात वाट पाहण्यापुरती सूट आहे, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नसेल तरच. म्हणून एक भक्कम स्टँड घ्या. तो डॅशबोर्डवर खाली, एअरबॅगच्या झाकणापासून दूर आणि थंड हवेच्या जाळीजवळ बसवा, म्हणजे फोन तापून बंद पडत नाही. डेकचे ब्लूटूथ जोडले की वाटेच्या सूचना स्पीकरमधून ऐकू येतात, पडद्याकडे पाहायची गरज उरत नाही. साध्या डेकचा नकाशासाठी एवढाच उपयोग, आणि तो पुरेसा आहे.

ही सोय हाताशी आहे तर घरच्यांसाठी आणखी एक काम करा. मळ्यात वस्ती असलेल्यांना घरनंबर नसतो. रात्री कोणाला साप चावला आणि 108 ला फोन लावला, तर 'पाटलांच्या आंब्यापासून डावीकडे' हे गाडीवाल्याला कळत नाही. दिवसाढवळ्या वस्तीवर उभे राहून नकाशावर बोट दाबून धरा आणि ती जागा नाव घालून जतन करा. मग ती घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर पाठवून ठेवा, म्हातारीच्याही. खूण दाराशी करू नका. काळ्या रानात जुलै महिन्यात चारचाकी जिथपर्यंत येऊ शकते, त्या डांबरी फाट्याशी करा, आणि गाडी बोलावली की घरातले एक माणूस बॅटरी घेऊन तिथे उभे करा.