खांद्यावरची पहिली पट्टी

हैदराबादमधल्या कुकटपल्लीहून बाचुपल्लीच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की पुढे दुंडिगल लागतं. इथे हवाई दलाची अकादमी आहे. दर जून आणि डिसेंबरात इथल्या मैदानावर दीक्षान्त संचलन होतं. त्यातली थक्क करणारी गोष्ट अशी की, जवळजवळ चाळीस वर्षांनंतर देशाचा हवाई दलप्रमुख होणारा माणूस अशाच एखाद्या रांगेत उभा असतो आणि तो कोण, हे कुणालाच ठाऊक नसतं.

कंपनीला बाहेरून अध्यक्ष आणता येतो, पण एअर मार्शल बाहेरून आणता येत नाही. प्रत्येकाला पहिल्या पायरीपासूनच चढावं लागतं.

नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी याच वाटेने गेले. डिसेंबर १९८२ मध्ये ते लढाऊ वैमानिक म्हणून रुजू झाले. मिग-२१, मिग-२९, सुखोई-३० अशी विमानं त्यांनी चालवली. ३,८०० तासांहून अधिक उड्डाणं, नवशिक्यांना शिकवणं, याच अकादमीचं उपप्रमुखपद, पश्चिम हवाई कमांडचं नेतृत्व असं करत करत ३० सप्टेंबर २०२१ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले. एकूण एकोणचाळीस वर्षं! जून २०२४ मध्ये दुंडिगलच्या संचलनाची मानवंदना त्यांनीच स्वीकारली.

हा सगळा प्रवास खांद्यावर वाचता येतो. फ्लाइंग ऑफिसरला एक पट्टी, फ्लाइट लेफ्टनंटला दोन. स्क्वाड्रन लीडरच्या दोन पट्ट्यांमध्ये एक बारीक रेघ येते. विंग कमांडरला तीन, ग्रुप कॅप्टनला चार. त्यानंतर एअर कमोडोरला एकच, पण चांगली रुंद पट्टी मिळते आणि मोजणी जणू नव्याने सुरू होते. विंग कमांडरपर्यंतची बढती साधारण ठरावीक सेवेनंतर मिळते: दोन, सहा आणि तेरा वर्षांनी, अर्थात आवश्यक अटी पूर्ण केल्या तर. त्यापुढे मुख्यतः निवड मंडळ ठरवतं आणि जागा झपाट्याने कमी होत जातात. शिवाय प्रमुखपदाची मुदत तीन वर्षं किंवा वयाची बासष्ट, यांतलं जे आधी येईल ते. त्यामुळे कर्तबगारीइतकीच जन्मतारीखही महत्त्वाची ठरते.

म्हणूनच संचलनाच्या शेवटचा क्षण मला फार मोठा वाटतो. नवे अधिकारी संथ पावलांनी मैदानाबाहेर पडतात आणि कालपर्यंत बरोबरीने राबणारे कनिष्ठ कॅडेट त्यांना पहिला सलाम ठोकतात. आयुष्यभराच्या जबाबदारीची ती सुरुवात असते.

अशा व्यवस्थेत आज उघडलेल्या दाराचं फळ चाळीस वर्षांनी दिसतं. जून २०१६ मध्ये याच दुंडिगलमधून अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक बाहेर पडल्या. प्रमुख आजवर उड्डाण शाखेतूनच आले आहेत. चौधरींचा हिशेब लावला, तर २०१६ची पिढी २०५५च्या सुमारास त्या उंचीवर पोहोचेल. तेव्हा प्रमुखपदासाठी एखाद्या बाईचं नाव पुढे आलं, तर त्याचं श्रेय आज मुलींना या वाटेवर पाठवणाऱ्या घरांचंही असेल.