कार्डावर चालणारें यंत्र

२०१२ सालीं इंग्लंडांत ‘रास्पबेरी पाय’ नांवाचा खिशांत मावणारा संगणक विक्रीस आला. त्याला हार्ड डिस्क नव्हती. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी प्रणाली, टपालाच्या तिकिटाएवढ्या एसडी कार्डांत भरावयाची आणि तें कार्ड खांचेंत बसवावयाचें, कीं यंत्र चालूं झालें! सोय मोठी आणि खर्च थोडा. परंतु या सोयीच्या पोटांत एक धोका आहे. तो मला कसा कळला, तें आज सांगणार आहें.

आमच्या गांवच्या वाचनालयांत असें एक यंत्र मींच बसविलें होतें. कोणतें पुस्तक कोणाकडे गेलें, याची नोंद त्यांत होई. दोन वर्षें काम बिनबोभाट चाललें. मग एके सायंकाळीं ऐन गर्दींत वीज गेली. थोड्या वेळानें ती आली, पण यंत्र कांहीं उठेना. कार्डासंगें दोन वर्षांची नोंदहि गेली.

असें कां व्हावें? हीं कार्डें फ्लॅश स्मृतीचीं बनलेलीं असतात. जपानांतील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं ही स्मृति जगापुढें मांडली, आणि १९८७ सालीं तिचा ‘नँड’ हा प्रकार. आजचीं कार्डें याच प्रकारचीं. तिच्या सूक्ष्म कोठ्यांत विद्युत्कण कोंडलेले असतात व वीज गेली तरी ते तेथेंच राहतात.

आतां शाळेंतील पाटी डोळ्यांपुढें आणा. कोऱ्या जागीं चार अक्षरें लिहितां येतात. पण या पाटीवर लिहिलेलें एक अक्षर बदलावयाचें, तर सबंध पाटी पुसावी लागते, आणि उरलेला मजकूर आधीं दुसऱ्या पाटीवर उतरून घ्यावा लागतो. शिवाय दर पुसण्यागणिक पाटी झिजते. कारण विद्युत्कण ज्या पातळ पडद्यांतून ये-जा करतात, तो कमकुवत होत जातो. एका कोठींत एकच अंक ठेवणारी स्मृति सुमारें एक लाख वेळां पुसणें सोसते. तीन अंक कोंबणाऱ्या स्वस्त कार्डाची मजल कांहीं हजारांपलीकडे जात नाहीं.

छायाचित्रें ठेवण्यास एवढें पुष्कळ झालें. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र अखंड लिहीत असते. आपण स्वस्थ बसलों, तरी ती आपली रोजनिशी लिहीतच राहते. कोणता मजकूर कोणत्या पाटीवर आहे, याची यादीहि कार्डाच्या पोटांतच असते. ही हलवाहलव चालली असतां वीज गेली, तर यादीच बिघडते, आणि मजकूर असूनहि सांपडत नाहीं.

उपाय अवघड नाहींत. रोजनिशी कार्डावर न लिहितां यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत ठेवावी. त्याहून चांगलें म्हणजे सिस्टिमचें कार्ड केवळ वाचण्यापुरतें ठेवावें. मग दिवसभरांतील बदल वीज जातांच पुसले जातात आणि सकाळीं यंत्र पहिल्यासारखें उभें राहतें. मात्र ज्या नोंदी टिकावयास हव्यात, त्या वेगळ्या डिस्कवर लिहाव्या, व त्यांची नक्कल रोज दुसरीकडे काढावी. यंत्र बंद करतांना त्याला रीतसर निरोप द्यावा. एकदम वीज तोडूं नये.

आमच्या वाचनालयाचें पुढें काय झालें? ग्रंथपालबाईंनीं, मला न सांगतां, जुनी कागदी वही चालूच ठेविली होती. आम्हीं दोघांनीं आठ दिवस बसून त्या वहीवरून सारी नोंद पुन्हा भरली. त्या मला एका शब्दानें बोलल्या नाहींत. यंत्र आजहि कार्डावरच चालतें. पण नोंदी आतां दोन ठिकाणीं असतात, आणि वही मेजावर असते ती निराळीच. कार्डावर यंत्र खुशाल चालवावें. आपली एकुलती एक आठवण मात्र त्याच्या हवालीं करूं नये.