दुष्काळांतून केडगांवापर्यंत

दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिका पाहतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत वारंवार येते. गरीब नायिका एका भागांत चुलीपुढें धूर खात बसलेली असते. मध्यें कांहीं वर्षें लोटल्याचें सांगतात, आणि पुढील भागांत ती शालू नेसून वाड्याच्या सोप्यांत उभी! मधल्या काळांत पैसा आला कोठून, तो कोणीं व कोणत्या अटीवर दिला, हा जमाखर्च कोणी दाखवीत नाहीं. माझ्या मतें दारिद्र्यांतून वर आलेल्या बाईची खरी कथा त्या जमाखर्चांतच असते. अशाच एका जमाखर्चाविषयीं आज श्रोत्यांशीं बोलावयाचें आहे.

2012 सालीं ‘उंच माझा झोका’ ही मालिका सुरू झाली. ती रमाबाई रानडे यांच्या चरित्रावर होती. परंतु रानड्यांच्याच परिचयाची दुसरी एक रमाबाई 1882 सालीं पुण्यास आली होती, आणि तिचें उत्तरायुष्य आपल्या दौंड तालुक्यांतील केडगांवीं गेलें. शिरूरकडील मंडळी न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुल्यास येतात, त्यांस हें गांव वाटेंतच लागतें. त्या पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत सहकुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडत. 1870 नंतरच्या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. शास्त्र्यांच्या घरांत मजुरी कोणास ठाऊक नव्हती, आणि भीक मागण्याची लाज वाटे. दागिने विकले, भांडीं विकलीं. हातीं आलेला पैसाही बराचसा दानधर्मांतच गेला. शेवटीं झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरलीं रमा व भाऊ श्रीनिवास. तीं दोघें पायींच उत्तरेस निघालीं. झेलमच्या वाळवंटांत कडाक्याच्या थंडींत पांघरावयास कांहीं नव्हतें, तेव्हां त्यांनीं वाळूंत दोन खड्डे खणले, त्यांत निजून डोकें तेवढें बाहेर ठेविलें आणि अंगावर वाळू ओढून घेतली. हें कोणा कादंबरीकारानें रचलेलें नाहीं. रमाबाईंनींच आपल्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे.

या भावंडांपाशीं भांडवल म्हणून एकच वस्तु होती, ती म्हणजे संस्कृत विद्या. आईनें मुलीस तोंडीं पाठ देऊन ती शिकविली होती. याच विद्येसाठीं 1878 सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं रमाबाईंस ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पुढें भाऊ वारला. 1880 त झालेला विवाह पतीच्या मृत्यूमुळें दोन वर्षांतच संपला. कडेवर एक मुलगी राहिली. पुण्यास ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहून त्याच्या विक्रीवर त्यांनीं विलायतेच्या प्रवासाचा खर्च भागविला. तेथें 1883 त त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथून त्या अमेरिकेस गेल्या, आणि 1887 च्या इंग्रजी पुस्तकानें हिंदु विधवांची स्थिति तिकडील लोकांस कळविली. त्याच वर्षीं बोस्टन येथें त्यांच्या नांवानें मंडळी स्थापन झाली, व तिनें शाळेस दहा वर्षें द्रव्य पुरविण्याचें मान्य केलें. 1889 त मुंबईस शारदा सदन निघालें तें या बळावर. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें.

आतां ही दहा वर्षांची अट पाहा. सामान्य मनुष्य दहा वर्षांची बेगमी झाली म्हणून स्वस्थ बसला असता. रमाबाईंनीं अकराव्या वर्षाचा विचार केला. केडगांवीं रेल्वेच्या आधारानें सुमारें 100 एकर जमीन घेतली आणि फळझाडें लावण्याचें ठरविलें. मुदत संपेल तेव्हां झाडें फळावर येतील व सदन स्वतःच्या उत्पन्नावर चालेल, असा तो हिशेब. भीमथडीच्या कोरडवाहू मुलखांत फळबागेवर भिस्त ठेवणें ही धाडसाची गोष्ट होती, हें इकडच्या शेतकऱ्यांस निराळें सांगावयास नको.

मध्यंतरीं 1893 सालीं सदनांत मुली ख्रिस्ती वळणावर जातात, असा गवगवा झाला. सल्लागार मंडळींतून रानडे, भांडारकर बाहेर पडले व पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या वादांत आश्रयदात्यांची शंका अगदींच निराधार नव्हती, असें मला वाटतें. परंतु टाळें घालून मोकळें होण्याचा सोपा मार्ग रमाबाईंनीं घेतला नाहीं, हेंही खरें.

1896 त मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. स्वतःच्या मुलपणीं झाडपाला खाल्लेल्या या बाईस तें वर्तमान ऐकून राहवेना. त्या तिकडे गेल्या व शेंकडों निराश्रित मुली घेऊन आल्या. पण पुण्यांत प्लेगाचे निर्बंध होते. इतक्या मुली शहरांत ठेवतां येईनात. तेव्हां त्यांस नेलें केडगांवीं. फळांच्या उत्पन्नासाठीं घेतलेल्या जमिनीवर अशा रीतीनें वस्ती उभी राहिली, तीच ‘मुक्ति’. 1900 च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या जवळजवळ 2000 झाली. विहिरी, शेती, दूधदुभतें, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सर्व कामें बायकाच करीत. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या हातांनीं कांहीं वर्षांमागें मूठभर धान्यासाठीं पसा पसरला होता.

ही मालमत्ता संस्थेची होती. रमाबाईंची राहणी साधी, शुभ्र वस्त्रांची. मालिकेंतल्या शालूचा प्रसंग येथें कोठें बसवावयाचा, हें मालिका करणारांनीं ठरवावें. त्यांची मुलगी मनोरमा 1921 त वारली. रमाबाईंनीं बायबलाचें मराठी भाषांतर हातावेगळें केलें, आणि 5 एप्रिल 1922 रोजीं केडगांवींच देह ठेविला.