बारा शब्द आणि एकोणसत्तर

तिसरीत असताना गुरुजींनी मला फळ्याजवळ बोलावून 'एकोणसत्तर' लिहायला सांगितले. कानात 'सत्तर' घुमत होते, म्हणून आधी सात लिहिला व पुढे नऊ. सारा वर्ग हसला. घरी अक्षरओळख असलेले कोणी नव्हते, त्यामुळे चूक कुठे झाली हे समजावून सांगणारेही कोणी नव्हते. अंकांना मी तेव्हापासून बिचकतो, बी.ए.ला येण्याचे तेही एक कारण आहे, हे इथे कबूल करून टाकतो.

यंदा भाषाविज्ञानाच्या तासाला एस्परांतो या कृत्रिम भाषेचे नाव निघाले. डॉ. झामेनहॉफ या नेत्रवैद्याने ती रचली आणि १८८७ साली वॉर्सा येथे तिचे पहिले पुस्तक काढले. त्यांचे जन्मगाव बियालिस्टोक. तेथे रशियन, पोलिश, जर्मन व यिद्दिश बोलणारे शेजारी-शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. सर्वांना सारखीच सोपी पडेल अशी एक भाषा हवी, या तळमळीतून हा उद्योग झाला. तिच्या व्याकरणाचे नियम अवघे सोळा. मी सुट्टीत ते मिळवून वाचले आणि चौथ्या नियमाशी थबकलो, कारण तो अंकांचा होता.

उनू, दू, त्री, क्वार, क्वीन, सेस, सेप, ओक, नाउ, देक हे एक ते दहा. शंभराला त्सेंत, हजाराला मिल. झाले! या बारा शब्दांत ९,९९,९९९ पर्यंतचा प्रत्येक आकडा बोलता येतो. युक्ती एवढीच की लहान अंक मोठ्याच्या आधी आला तर गुणायचे, नंतर आला तर मिळवायचे. 'दूदेक' म्हणजे दोन दहा, अर्थात वीस. 'देक दू' म्हणजे दहा नि दोन, बारा. माझा वैरी एकोणसत्तर तेथे 'सेसदेक नाउ' होतो. सहा दहा, वर नऊ. कानाने ऐकावे त्याच क्रमाने हाताने लिहावे.

आपल्याकडे त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच. 'एकोण' म्हणजे एक उणे हे कळले तर एकोणसाठ उमगतो. पण मग नव्व्याण्णवला 'एकोणशंभर' का नाही? शंभरापर्यंतचे बहुतेक शब्द मुलाला सुटे-सुटे घोकावे लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! डॉ. मंगला नारळीकरांनी त्या रीतीची बाजू मांडली होती. भाषा बिघडेल ही भीती मी समजू शकतो, पण फळ्यापाशी उभा राहिलेला मी नारळीकरबाईंच्या बाजूचा आहे.

असो. एस्परांतोत पहिला, दुसरा, तिसरा हेही एका 'आ'ने होतात: उनूआ, दूआ, त्रीआ. 'ओन' जोडला की अपूर्णांक. दूओनो म्हणजे अर्धा, क्वारोनो म्हणजे पाव. मात्र इथे आपली मराठी तिला भारी पडते. दीड म्हणायला त्यांना 'उनू काय दूओनो' असे लांबण लावावे लागते. (त्या भाषेत 'काय' म्हणजे 'आणि', हीही एक गंमतच.) सव्वा, दीड, अडीच, पाऊण यांची ऐट तिथे नाही. अडीचशे हा आपला एक शब्द. त्यांचे 'दूत्सेंत क्वीनदेक'.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने आजीला सांगितले. ती बाजारात अंडी विकते व विसांनी मोजते. मित्रांसमोर तिने 'दोन इसा नि चार' म्हटले की मला ओशाळल्यासारखे होई. तिला विचारले, "आजी, एकोणसत्तर अंडी कशी मोजशील?"

"तीन इसा नि नऊ."

मी चपापलो. आधीचा तीन गुणायचा, नंतरचा नऊ मिळवायचा! झामेनहॉफांचा नियम तोच, फक्त त्यांचा ढीग दहाचा, आजीचा विसाचा. मी 'सेसदेक नाउ' फोड करून सांगितले. तिने क्षणभर बोटे मोडली आणि म्हणाली, "म्हंजी सा येळा दहा? माझं तीन येळांत भागतंय की रं!"