चप्पल निसटली, कळलंच नाही

कार्तिकातली पहाट. पवनीच्या वैजेश्वर घाटावर एक मावशी वैनगंगेकडे उतरत होत्या. एक चप्पल चार पायऱ्या वरच राहिली होती. मी हाक मारली तेव्हा त्यांनी पायाकडे पाहिलं. "अव माय! कवा निसटली?" पंधरा वर्षांची शुगर. पण पाय कधी दुखत नाहीत, म्हणजे ठणठणीत आहेत, असं त्यांचं म्हणणं.

हाच गैरसमज सगळ्यात घातक. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की तळपायाच्या नसा बधिर होतात. पायाखाली कोरडा दगड आहे की शेवाळ, ही खबर मेंदूला पोचतच नाही. दिवसा डोळे सांभाळून घेतात. अंधारात तोल जातो. रात्री संडासला उठलेली माणसं पडतात ती अशी. १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्याने तळपाय तपासता येतात, दोन-चार मिनिटांत. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून ही तपासणी आवर्जून करून घ्या.

"चक्कर आली, म्हणजे बीपी वाढलं" असं म्हणून घरात जास्तीची गोळी दिली जाते. अनेकदा झालेलं असतं नेमकं उलटं. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. जुन्या शुगरमध्ये रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा मंदावतात. त्यात लघवी वाढवणारी, प्रोस्टेटची किंवा झोपेची गोळी असली तर भरच पडते. बीपी बहुधा बसवून मोजतात, म्हणून हे सापडत नाही. उभं करूनही मोजायला सांगा. पण पडण्याच्या धास्तीने बीपीची गोळी मनानेच बंद करू नका, लकव्याचा धोका वाढतो. सकाळी आधी खाटेवर बसा, पावलं हलवा, मग उठा.

एकादशीला शुगरची गोळी घेतली आणि फराळ लांबला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, मग भोवळ. अशा वेळी ३ चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उपासाआधी गोळीचं डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आणि "पडशील, बसून राहा" हे मुलं मायेनंच म्हणतात, पण बसून मांड्यांची ताकद जाते. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओटा धरून एका पायावर उभं राहणं, हे रोज करायला हवं.

मावशींना मी मागे पट्टा असलेली चप्पल घ्यायला सांगितलं. त्या हसल्या, पायरीवर बसल्या आणि अंगठ्याला चिमटा काढून पाहू लागल्या.