जत्रेतील खाद्यगाडी : चार दिवसांच्या कमाईचे गणित

सुगीची कामे आटोपली की देशभरात यात्रा-जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवदर्शन, खरेदी आणि करमणूक यांच्याबरोबरच खाणे हा जत्रेचा अविभाज्य भाग होय. भजी, जिलेबी, भेळ, मिसळ, उसाचा रस विकणाऱ्या गाड्यांवाचून जत्रा पुरी होत नाही. एकेकाळी पाल ठोकून, तीन दगडांच्या चुलीवर चालणारा हा व्यवसाय आता चाकांच्या ट्रेलरवर आणि टेम्पोत थाटलेल्या स्वयंपाकघरात आला आहे. साधने बदलली, तरी व्यवसायाचे मूळ स्वरूप बदललेले नाही. वर्षातील मोजक्या दिवसांच्या विक्रीवर अनेक कुटुंबांचा वर्षभराचा खर्च अवलंबून असतो. हा व्यवसाय कसा चालतो, त्यात धोके कोणते आणि कायद्याचे संरक्षण कुठवर मिळते, याचा हा आढावा.

पंचांगावर चालणारा धंदा

खाद्यगाडीचालकाची खरी दिनदर्शिका म्हणजे पंचांग. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास बिहारमध्ये गंगा-गंडक संगमावर सोनपूरचा मेळा भरतो, तर राजस्थानात पुष्करचा. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, पौष पौर्णिमेला सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीची, चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळची जोतिबाची, अशी ही रांग उन्हाळ्यापर्यंत चालते. शिंद्यांच्या कारकिर्दीत १९०५ साली सुरू झालेला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा हिवाळ्यात भरतो. हरियाणातील सूरजकुंडचा हस्तकला मेळा १९८७ पासून फेब्रुवारीत भरत आला आहे.

सर्वच तारखा मात्र आधी ठाऊक नसतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तिथी ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती जाहीर होते. तारीख जाहीर होताच जागा, माल आणि मदतनीस यांची जुळवाजुळव करावी लागते.

दोन जत्रांमधील रिकामे दिवस आठवडे बाजार भरून काढतात. एका गावचा बाजार सोमवारी, शेजारच्या गावचा मंगळवारी, अशी वाटणी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. गोव्यातील म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सर्वपरिचित आहे. आठवडे बाजारात गिऱ्हाईक ओळखीचे असते. चव बिघडली, तर पुढच्या आठवड्यात ते फिरकत नाही. जत्रेतील गिऱ्हाईक पुन्हा भेटेलच असे नाही. तेथे जागा आणि गर्दी निर्णायक ठरते.

नफा कोठून सुरू होतो?

गर्दी पाहून कमाई मोठी असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात खर्चाचा बराच मोठा भाग पहिली भवानी होण्यापूर्वीच झालेला असतो. उदाहरणादाखल एक काल्पनिक हिशेब पाहू. तीन दिवसांच्या जत्रेसाठी जागेचे भाडे ६,००० रुपये, वाहतूक ४,००० रुपये, दोन मदतनिसांची मजुरी ३,६०० रुपये आणि वीज-पाण्याचा खर्च २,४०० रुपये धरला, तर एकूण १६,००० रुपये होतात. एक प्लेट ४० रुपयांना विकली आणि तिच्यावर शिधा, गॅस व पत्रावळ मिळून १८ रुपये खर्च आला, तर हाती २२ रुपये राहतात. म्हणजे ७२८ प्लेट विकल्या गेल्यावरच खर्च भरून निघतो. दररोज सुमारे २४३ प्लेट खपल्या पाहिजेत.

एक दिवस अवकाळी पाऊस झाला, तर तेवढ्याच प्लेट उरलेल्या दोन दिवसांत, म्हणजे दररोज ३६४ खपाव्या लागतात. शंभर प्लेटचा तयार माल वाया गेला, तर १,८०० रुपयांचे नुकसान होते आणि ते भरून काढण्यास आणखी ८२ प्लेट विकाव्या लागतात. म्हणूनच अनुभवी गाडीवाले पदार्थांची यादी आखूड ठेवतात. एकाच सारणापासून वडा आणि पॅटिस, एकाच पिठापासून कांदाभजी आणि मिरचीभजी केली, तर उरलेल्या मालाची चिंता कमी होते. माल एकदम तयार न करता घाणे थोड्याथोड्या अंतराने काढण्यामागेही हेच कारण आहे.

जागा कोणाची, पावती कोणाची?

रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी संसदेने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ संमत केला आणि तो १ मे २०१४ पासून अमलात आला. विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती ही त्याची प्रमुख अंगे होत. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांपैकी एकतृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद आहे.

हा कायदा शहरे आणि नगरांसाठी आहे. जत्रा मात्र बहुधा ग्रामपंचायतीच्या हद्दीत किंवा देवस्थानच्या जमिनीवर भरते. तेथे जागावाटप ग्रामपंचायत, देवस्थान समिती किंवा बाजार वसुलीचा ठेका घेतलेला ठेकेदार करतो. काही ठिकाणी जागेचा लिलाव होतो, काही ठिकाणी पूर्वापार जागा धरणाऱ्यास प्राधान्य मिळते. शहरातील प्रमाणपत्र येथे उपयोगी पडेलच असे नाही. त्यामुळे भरलेल्या रकमेची, तारखांची आणि जागेच्या मापाची नोंद असलेली पावती हाच विक्रेत्याचा मुख्य आधार ठरतो. जत्रा रद्द झाल्यास किंवा पुढे ढकलल्यास पैसे परत मिळतील काय, हे आधीच लेखी ठरवून घेणे हिताचे असते.

वाहनाचा प्रश्न वेगळा आहे. मालवाहू टेम्पोचे स्वयंपाकघरात रूपांतर करणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वाहनाच्या रचनेतील बदल ठरतो. त्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि नोंदणी पुस्तकात त्याची नोंद आवश्यक असते. ही नोंद नसल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

अन्न सुरक्षेचे नियम

अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मधून जत्रेतील तात्पुरता गाडीवाला सुटलेला नाही. २०११ च्या नियमावलीने फेरीवाले, फिरते विक्रेते आणि तात्पुरता स्टॉल लावणारे यांचा समावेश लहान अन्न व्यावसायिकांत केला. अशा व्यावसायिकांना परवान्याऐवजी सोपी नोंदणी करण्याची मुभा देण्यात आली. नोंदणीसाठीच्या उलाढालीची मर्यादा आणि अटी बदलत असल्याने हंगामापूर्वी त्यांची खात्री करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

गर्दीच्या ठिकाणी एका भांड्यातील दोष शेकडो जणांपर्यंत पोहोचतो. नांदेड जिल्ह्यातील कोष्टवाडी येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये एका धार्मिक कार्यक्रमातील प्रसाद खाल्ल्यानंतर दोन हजारांच्या आसपास लोकांना विषबाधा झाली होती. तो प्रसाद विक्रीचा नव्हता. परंतु मोठ्या प्रमाणावर शिजवलेले अन्न किती जपावे लागते, याची ती जाणीव होती.

जंतूंची वाढ प्रामुख्याने ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात होते. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत, असा संकेत आहे. उकडलेला बटाटा, ओल्या खोबऱ्याची चटणी, दही आणि चिरलेला कांदा हे जत्रेतील सर्वांत नाजूक पदार्थ होत. चटणी थोडीथोडी वाटणे, पिण्याचे आणि भांडी धुण्याचे पाणी वेगळे ठेवणे, पैसे घेणारा आणि पदार्थ वाढणारा निरनिराळा असणे, या साध्या उपायांनी बराच धोका टळतो.

तेलाबाबतचा नियमही स्पष्ट आहे. वारंवार तापवल्याने तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास ते तेल तळणासाठी वापरता येत नाही. ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तेल काळसर व दाट होणे, त्यावर फेस येणे आणि लवकर धूर निघणे ही तेल बिघडल्याची लक्षणे समजली जातात. तळलेला पदार्थ वर्तमानपत्रात बांधून देण्यास मनाई आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या प्लेट, पेले आणि चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी आणि सुपारीच्या झावळीच्या थाळ्या यांना त्यामुळे पुन्हा मागणी आली आहे.

जत्रेतील रंगीत खाऊही तपासणीच्या कक्षेत आला आहे. ‘म्हातारीचे केस’ या नावाने मुलांना प्रिय असलेल्या साखरेच्या कापसात रोडामाइन बी हा कपड्यांसाठी वापरला जाणारा रंग आढळल्यानंतर पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पुढील महिन्यात कर्नाटकनेही या खाऊत आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली.

आगीचा धोका

मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविकांचा बळी गेला. त्या दिवशी दुकानांना लागलेल्या आगीत गॅस सिलिंडरचेही स्फोट झाले होते. अरुंद वाटेवर खेटून लावलेले गाळे, कापडी छत आणि पेटती शेगडी यांचा संयोग किती घातक ठरू शकतो, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

व्यवसायासाठी व्यावसायिक सिलिंडर वापरणे बंधनकारक आहे. घरगुती सिलिंडरचा असा वापर बेकायदा ठरतो. सिलिंडर नेहमी उभा असावा, शेगडीपासून दूर असावा आणि रबरी नळी मुदतीत बदललेली असावी. जादा सिलिंडर गाडीखाली साठवू नये. कढईतील तेलाने पेट घेतल्यास पाणी ओतल्याने आग उसळते. गॅस बंद करून कढईवर झाकण टाकणे हाच योग्य उपाय होय. अग्निशामक यंत्र हाताशी असावे आणि ते वापरता येणारी किमान एक व्यक्ती गाडीवर असावी.

भांडवल आणि नव्या वाटा

हंगामापूर्वी लागणारे भांडवल बहुधा सावकाराकडून किंवा किराणा दुकानदाराच्या उधारीवर उभे राहते. व्याज हंगामाच्या कमाईतूनच जाते. पथविक्रेत्यांसाठी १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत विनातारण कर्ज दिले जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेची फेररचना करून कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिला हप्ता १५ हजार, दुसरा २५ हजार आणि तिसरा ५० हजार रुपये असा करण्यात आला. वेळेवर परतफेड करणाऱ्यास ७ टक्के व्याज अनुदान मिळते.

महिला बचत गटांनी या व्यवसायात स्वतःचे स्थान निर्माण केले आहे. मुंबईतील महालक्ष्मी सरस आणि पुण्यातील भीमथडी जत्रा यांसारख्या ठिकाणी थालीपीठ, मांडे, झुणका-भाकर असे प्रादेशिक पदार्थ आवर्जून खाल्ले जातात. अशा प्रदर्शनांत जागा, वीज आणि पाण्याची सोय आयोजक करतात. गावच्या जत्रेत ती स्वतःच करावी लागते.

पावसाळा सुरू झाला की बहुतेक गाड्या ताडपत्रीखाली जातात आणि त्यांचे चालक शेतीकडे किंवा मजुरीकडे वळतात. जत्रेच्या मैदानावर पिण्याचे पाणी, कचऱ्याची विल्हेवाट, गाळ्यांमधील मोकळे अंतर आणि लेखी पावती या चार गोष्टींची हमी मिळाली, तर या विक्रेत्यांची कमाई आणि भाविकांचे आरोग्य दोन्ही सुरक्षित राहतील. त्यासाठी ग्रामपंचायत, देवस्थान, अन्न प्रशासन आणि विक्रेते यांची जत्रेपूर्वी एकत्र बैठक होणे, ही त्याची पहिली पायरी ठरते.